सुधाकरकाकांचा अर्धा स्वेटर

मालतीकाकूंच्या मनगटाला प्लॅस्टर बसलं त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि छाती पुढे काढून म्हटलं, "काकू, टेन्शन नाही. काकांचा स्वेटर मी विणते!"

मग घरी येऊन आईला विचारलं, "आई, गळा कसा विणतात गं?"

आई म्हणाली, "योगिनी, तू दोन वर्षांपूर्वी विणायला घेतलेला मफलर अजून हातरुमालाएवढा आहे."

पण तेव्हाची मी वेगळी होते. या नोव्हेंबरात शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात मी दोन तास माइक सांभाळला, लाइट गेले तेव्हा शायरीसुद्धा मारली. त्यानंतर मला स्वेटरबिटरची काय भीती!

आता हे स्वेटर प्रकरण काय ते सांगते. आमच्या बरखेड्यात, हिंदी मुलखातल्या या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, कुणी मराठी माणूस रिटायर झाला, की इथल्या मराठी मंडळाच्या बायका त्याला समारंभात स्वेटर देतात. स्वेटर म्हणजे मालतीकाकूंचाच. बाटलीहिरवा, व्ही गळ्याचा, छातीवर पत्त्यांतल्यासारखी एक मोठी चौकट. नमुना काकूंच्या वहीत आहे आणि त्यातला एक टाकासुद्धा इकडचा तिकडे झालेला त्यांना चालत नाही. असे बावीस स्वेटर झालेत. थंडीत सकाळी आमचे सगळे रिटायर्ड काका फिरायला निघतात तेव्हा पीटीच्या तासाला मैदानावर निघालेला वर्ग वाटतो. तेविसावा नंबर खुद्द काकूंच्या नवऱ्याचा होता, एकतीस डिसेंबरला.

काकूंनी वही माझ्या हातात दिली, जशी तिजोरीची किल्ली. "जसं लिहिलंय तसंच. डोकं चालवायचं नाही."

पाठ मी तशीच विणली. एकशेआठ टाके, सुलट, उलट, सुलट, उलट. काकूंनी प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून दुसऱ्या हातानं ओळन् ओळ तपासली आणि म्हणाल्या, "बरी आहे." काकूंचं 'बरी आहे' म्हणजे बोर्डात पंच्याण्णव टक्के. म्हणाल्या, "पाठ जमली, आता पुढचा भाग तू घरी विण. मला दाखवायला यायची गरज नाही."

आणि तिथेच मी डोकं चालवलं. मी काकांना विचारलं, "काका, तुम्हाला कसा आवडेल हो स्वेटर?"

सुधाकरकाका चौतीस वर्षं कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होते. घरात फार बोलत नाहीत. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "मला?"

"मग? घालणार तुम्हीच ना?"

काकांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि पुटपुटले, "खिसे."

"किती?"

"उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठून एक गुंडाळी दिली. मतलब, अगदी खरंखुरं ड्रॉइंग! 'सर्व मापे मिलिमीटरमध्ये. शीट १. रिव्हिजन ३.' एका रात्रीत तीन रिव्हिजन! वर चष्म्याचा खिसा, मध्ये मोबाइलचा, खाली शेंगदाण्यांचा, आणि त्याला चक्क बाण काढून लिहिलेलं: शेंगदाणे.

"काकूला सांगू नकोस," काका म्हणाले. "पण विणशील ना? बघ योगिनी, चौतीस वर्षं मी युनिफॉर्म घातला. आता उरलेल्या आयुष्यात जो घालायचाय तो एक तरी माझ्या मनासारखा असावा, इतकंच."

मला एकदम गहिवरून आलं. मी म्हटलं, "काका, आप बेफिकीर रहो."

मग मी जी सुटले! रुंदी दोनशेसत्तर मिलिमीटर, म्हणजे चौपन्न टाके. पाठीला एक ओळ विणायला जेवढा वेळ लागायचा त्याच्या निम्म्यात ओळ व्हायला लागली. मी आईला सांगितलं, "आई, माझा स्पीड डबल झालाय." वर्गात सांगितलं. चौकटीऐवजी ड्रॉइंगमध्ये त्रिकोण होता, तर वाटलं, काकांना त्रिकोण आवडत असेल. गळा एकाच बाजूनं उतरता होता, तर वाटलं, वा, काका फॅशनमध्ये आहेत. सहा दिवसांत पुढचा भाग तीन खिशांसकट तयार!

सव्वीस तारखेला तो पाठीवर ठेवला. एका बाजूला बरोबर बसला. दुसऱ्या बाजूला नुसतीच पाठ.

मी तो डावीकडे सरकवला. उजवीकडे सरकवला. ताणला. मग आईला हाक मारली. आईनं एकदा स्वेटरकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "स्पीड डबल झाला होता ना?" असं म्हणून ती जी हसायला लागली ती पलंगावर बसलीच.

मी काकांना जिन्यात गाठलं. त्यांनी तो तुकडा हातात धरला आणि हळूच म्हणाले, "हा अर्धा आहे."

"ड्रॉइंगच अर्धं होतं!"

"अगं, दोन्ही बाजू सारख्या असल्या की अर्धंच काढतात! ही बघ सेंटर लाइन. लांब रेघ, छोटी रेघ, लांब रेघ, छोटी रेघ. कुणीही ओळखेल."

"मला वाटलं तुमचं पेन अडखळत होतं."

"अडखळत?" काका भिंतीला टेकले. कारखान्यात चौतीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नसेल.

उसवून परत विणायला वेळ नव्हता. दुसरा अर्धा, उलट्या बाजूचा, तेवढा होण्यासारखा होता. पण मध्ये शिवण घातली असती तर काकांचं ऑपरेशन झाल्यासारखं दिसलं असतं. मग माझ्या डोक्यात आलं, मध्ये शिवायचंच कशाला? बटणं लावू! काकांनी लगेच खिशातून पेन काढून तळहातावर काजांची अंतरं मांडली. अचानक थांबले. "पण खिसेही दोन्हीकडे येणार. म्हणजे सहा."

"शेंगदाण्यांचे दोन काय करणार?"

काकांनी विचार केला. "एकात दाणे, एकात टरफलं."

बाह्यांचं काम आईनं हसणं थांबवून हातात घेतलं. मी नेहरू नगरच्या बाजारातून तपकिरी बटणं आणली आणि एकोणतीसच्या रात्री जेवायलाही न उठता दुसरा अर्धा संपवला. तीसला सकाळी मी काज करत होते आणि दारात मालतीकाकू उभ्या.

"बघू तरी," म्हणत त्या आत आल्या. "हे काय? दोन मफलर विणलेस?"

मी माइकवर दोन तास बोललेली मुलगी. माझ्या तोंडातून फक्त "अं" निघालं.

काकूंनी एक खिसा बघितला. दुसरा बघितला. सहावा बघून झाला तेव्हा त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. इतक्यात मागून काका आले, बहुतेक बटणं बघायला, आणि तिथल्या तिथे वळायला लागले.

"थांबा! हे तुमचं ना? शेंगदाण्यांचा खिसा दुसऱ्या कुणाला सुचणार? बावीस जणांना स्वेटर दिले, एकानं तक्रार केली नाही!"

"तुझ्यासमोर कोण करणार?" काका दाराच्या चौकटीला म्हणाले.

"हे असलं दुकान अंगावर घालून तुम्ही स्टेजवर जायचं नाही. मी मनोहरभाऊंना दिलेला मागून आणते. तुमच्याच मापाचा आहे. सगळे एकाच मापाचे आहेत!"

काकू तरातरा निघून गेल्या. काका माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तू बटणं लाव."

एकतीसला संध्याकाळी मंडळाचा हॉल भरला होता. काका आले ते मनोहरकाकांचा स्वेटर घालून, पाठोपाठ काकू, मान ताठ. मी हिरमुसले. पण काका एवढे गरगरीत का दिसतायत? कोपरं अंगाला लागत नव्हती, हात बदकासारखे बाहेर. मग बाहीतून खालची दुसरी बाही डोकावली. त्यांनी माझाच आतून घातला होता!

स्टेजवर दोन हॅलोजन, खुर्ची, हार आणि तीन भाषणं. पहिल्या भाषणात काकांचं कपाळ चमकलं. दुसऱ्यात त्यांनी स्वेटरच्या गळ्यात बोट घालून हवा घेतली. तिसरे वक्ते कारखान्याच्या स्थापनेपासून सुरू झाले तेव्हा काका ताडकन उठले, हार काढला आणि वरचा स्वेटर डोक्यावरून ओढायला लागले. ओढता ओढता चष्मा व्ही गळ्यात अडकला. हात वर, डोकं आत, आणि काका तसेच स्टेजच्या काठाकडे निघाले.

"अहो! पडाल!" काकू पहिल्या रांगेतून धावल्या. एका हातानं त्यांनी काकांना धरलं, पण दुसरा प्लॅस्टरमध्ये. "योगिनी! बघत काय उभी राहिलीस? ओढ!"

मी एक बाही धरली, काकूंनी दुसरी. आम्ही ओढला. काका बाहेर आले, चष्मा कानाला लटकलेला, केस उभे. आणि खाली माझा स्वेटर, सहा खिशांचा. गडबडीत एक बटण चुकीच्या काजात गेलेलं, त्यामुळे चौकट मध्ये तुटून एक अर्धं वर, एक अर्धं खाली.

काका काकूंकडे बघत होते, शाळेत गृहपाठ न केलेला मुलगा बघतो तसे. "हाच राहू दे ना, मालती," ते म्हणाले. माइक चालू होता. अख्ख्या हॉलनं ऐकलं.

काकूंचं नाक लाल झालं. मग त्या पुढे झाल्या आणि एका हातानं बटणं काढायला लागल्या. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी सगळी काढली आणि खालपासून एकेक नीट लावली. चौकट जुळली. त्यांनी ती तळहातानं दाबून बघितली, ओळीला ओळ लागली का ते तपासलं.

"बरा आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "घालायला-काढायला सोपा आहे, एवढंच म्हणतेय मी. खिशांबद्दल मी काही म्हटलेलं नाही."

टाळ्या काय पडल्या! काका हार घालायचाच विसरले. काकू मनोहरकाकांचा स्वेटर घडी करून त्यांना द्यायला खाली उतरल्या. मनोहरकाकांनी तो घेतला, उलटापालटा केला, काकू पुढे जाईपर्यंत थांबले आणि मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "बेटा, हा मधोमध कापता येईल का गं?"

काकू तिथूनच वळल्या. "मनोहरभाऊ!"