हात न लागलेली कॉफी

ज्या माणसानं ते मशीन विकत आणलं त्यानं ते एकदाही धुतलं नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवते. नाहीतर माझं बोलणं ऐकून लोक म्हणतात, नवऱ्यानं हौसेनं वस्तू आणली आणि ही बाई कुरकुर करते.

माझा नवरा, यादोराव, भंडारा रोड स्टेशनवर पार्सल क्लार्क. नाव भंडारा रोड असलं तरी स्टेशन आहे वरठीत, आणि आम्हीही वरठीतच, स्टेशनमागच्या गल्लीत भाड्यानं राहत होतो. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात हे एका लग्नाला नागपूरला गेले आणि तिथे एस्प्रेसो कॉफी पिऊन आले. लग्नात ती तेव्हा नवीनच निघाली होती. पाहुणे जेवण सोडून त्या मशीनपुढे रांग लावायचे म्हणे. परत येताना यांनी सीताबर्डीच्या दुकानातून घरगुती मशीन घेतलं आणि पॅसेंजरमध्ये मांडीवर ठेवून घरी आणलं. आमचा मुलगा लहान असताना त्याला इतकं सांभाळून कधी आणलं नाही.

मशीन म्हणजे अॅल्युमिनियमचं एक भांडं, कुकरचा चुलतभाऊ. आत पाणी भरायचं, रबर बसवून झाकण आवळायचं आणि स्टोव्हवर चढवायचं. बाजूनं एक नळी, तिला काळी चावी. पाणी उकळलं की दूध, साखर आणि कॉफी घातलेल्या ग्लासात नळीचं टोक बुडवायचं आणि चावी फिरवायची. मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं घुर्र व्हायचं आणि ग्लासात फेस चढायचा. चावी फिरवायचं काम यादोरावांचं. बाकी सगळं माझं.

बाकी सगळं म्हणजे काय ते ज्यानं धुतलं त्यालाच माहीत. दूध नळीला क्षणात चिकटतं. ओल्या फडक्यानं लगेच पुसलं नाही तर त्याची साल धरते, आणि ती साल नखानंही निघत नाही. बरं, बाहेरून पुसून भागत नाही. स्टोव्ह बंद केला की मशीन थंड होता होता नळीतलं दूध आत ओढून घेतं. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की असा आंबूस वास येतो की विचारू नका. मग नळीचं टोक काढा, स्टोव्हच्या पिननं त्याचं भोक मोकळं करा, रबर वेगळं धुवा, सावलीत वाळवा. उन्हात वाळवलं तर ते चिरतं. आमच्या विहिरीचं पाणी जड, त्याचा पांढरा थर बुडाला बसायचा. तो घालवायला चिंचेचं पाणी करून आत उकळायचं. राखेनं घासायचं नाही, ओरखडे पडतात, अशी यादोरावांची ताकीद. ताकीद द्यायला काय जातं? खाटेवर बसून देता येते.

"अजी, एक दिवस तुमी धुऊन पाहा," मी म्हणायची.

"माझ्यानं रबर तुटून जाईल," ते म्हणायचे. "तुझा हात बसला आहे त्याच्यावर."

पण मी धूत होते, आणि का धूत होते तेही सांगते. आम्ही बौद्ध. छप्पन साली माझ्या सासऱ्यांनी नागपूरला दीक्षा घेतली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. गल्लीत बाकीची घरं दुसऱ्या जातींची. वाईट कुणी बोलायचं नाही. उलट तार वाचून घ्यायची असो की पार्सल सोडवायचं असो, "यादोराव, यादोराव" चालायचं. आणि हा माणूस असा की कुणाला दारातून रिकामं जाऊ देववत नाही. "चहा घेऊन जा ना" हे त्याचं पहिलं वाक्य. त्यावर ठरलेली उत्तरं. आत्ताच घेतला. आज चतुर्थी आहे. पित्त झालं आहे. गल्लीतली इतकी माणसं इतकी वर्षं पित्तानं आजारी होती. आमच्या घरी साधं पाणी कुणी प्यायलं नाही. यादोराव मला म्हणायचे, "कामाचे लोक आहेत, घाईत असतात." मी काही बोलायची नाही. हा माणूस कधीतरी कुणीतरी आपल्या घरी बसून घोटभर काही घेईल याची वाट पाहत होता, आणि ते मला पाहवत नव्हतं.

मशीनच्या आवाजानं पहिल्यांदा आल्या त्या कुंताबाई. समोर राहायच्या. त्यांचे मालक केशवराव धानाचे व्यापारी, दारात दोन गाई. दारातूनच म्हणाल्या, "बाप्पा! कायचा आवाज होऊन राहिला हा? मले वाटलं इंजिनच घुसलं घरात."

यादोरावांनी त्यांना आत बोलावून सगळं दाखवलं. चावी फिरवली, फेस चढवला. कुंताबाई पाहतच राहिल्या. "घ्या ना," हे म्हणाले. मी चतुर्थीची वाट पाहत होते. पण कुंताबाई म्हणाल्या, "थांबा, माझा स्टीलचा ग्लास आणते. तुमच्या कपात थंडी होऊन जाईल."

ग्लास आला. त्यावर केशवरावांचं नाव कोरलेलं. त्यात कॉफी झाली. कुंताबाई खाटेवर बसल्या आणि शेवटच्या फेसापर्यंत प्यायल्या. त्या गेल्यावर यादोराव दाराशी उभे राहून त्यांच्या घराकडे बघत होते. मग म्हणाले, "पाहिलं? बसून पेल्या." त्या दिवशी मी मशीन खुशीनं धुतलं. खरं सांगते, कप धुवायचा वाचला म्हणून बरंच वाटलं.

मग कुंताबाई रोज यायला लागल्या. काही दिवसांनी ग्लासाबरोबर दूधही आणायला लागल्या. "घरचं आहे, ताजं. तुमी विकतचं कायले नासवता?" पुढे साखरही दुधातच घालून यायला लागली. त्यांचं पाहून दुसऱ्या घरच्या बायाही आल्या, आपापले ग्लास घेऊन. संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटली की सायकलींच्या घंट्या वाजत आमच्या दारावरून जायच्या, आणि त्याच वेळी आमच्या घरात घुर्र घुर्र चालू. यादोराव चावी फिरवत असायचे, सगळ्यांना वाफेचं शास्त्र समजावून सांगायचे. पाहुण्यांच्या चपला दारात नीट लावून ठेवायचे. मशीन आल्यापासून त्यांची छाती दोन इंच पुढे आली होती.

मी मात्र हळूहळू चिडायला लागले होते. दूध त्यांचं, साखर त्यांची, ग्लास त्यांचा. आमचं काय? आमचं रॉकेल, आमची वाफ, आणि त्यांच्या गाईच्या सायीनं बुजलेली नळी. कुंताबाईंच्या दुधाला साय इतकी की स्टोव्हच्या पिनाही वाकायला लागल्या. एकदा मी मुद्दाम आमच्या कपात चहा करून पुढे ठेवला. कुंताबाई म्हणाल्या, "चहा नाही चालत वो मले, पित्त होते. कॉफीच बरी." वर्षानुवर्षं दाराशी येऊन पित्त सांगणाऱ्या बाईला कॉफीनं पित्त होत नव्हतं. मी तो चहा मोरीत ओतला आणि यादोरावांकडे पाहिलं. त्यांनी चावीवरचं बोट काढलं नाही.

होळीच्या आधीची गोष्ट. कुंताबाई नव्या शेजारणीला घेऊन आल्या. शकुनबाई नाव, साकोलीकडची, लग्न होऊन नुकतीच गल्लीत आलेली. हातात दोघींच्याही दुधाचे ग्लास. मी कोपऱ्यात बसून मशीनचं रबर पुसत होते. रबर बसवलं, माठातून पाणी घेऊन मशीन भरलं, झाकण आवळलं आणि स्टोव्हवर चढवलं. यादोराव ड्यूटीवरून आलेले, हातपाय धुऊन चावीपाशी हजर. घुर्र झालं. दोन्ही ग्लास भरले. शकुनबाईनं ग्लास हातात घेतला, पण तोंडाला लावेना. आधी भिंतीवरच्या तसबिरींकडे पाहिलं, मग कुंताबाईंकडे.

कुंताबाई तिला समजावायला लागल्या. हळू नाही, कुजबुजून नाही, चांगल्या मोकळ्या आवाजात, जसं काही मी तिथे नव्हतेच. "घे वो, लाजू नको. इथची चालते. मशीनची आहे ना. दूध आपलं, ग्लास आपला. हात कुठी लागते कोणाचा? वाफच वाफ."

शकुनबाईच्या जिवात जीव आला. तिनं एक घोट घेतला.

माझ्या हातात अजून फडकं होतं. रोज दोनदा मी त्या मशीनच्या आत मनगटापर्यंत हात घालत होते. माझं बोट शिरलं नाही अशी त्याला एक जागा नव्हती. आणि त्याला कुणाचा हात लागत नव्हता म्हणे! मला इतका राग आला की कान गरम झाले.

"कुंताबाई," मी म्हटलं, "घरून ग्लास किती भरून आणला होता?"

"बोटभर कमी. काहून वो?"

"फेस खाली बसू द्या. मंग सांगा किती आहे."

त्यांना वाटलं मी मशीनची काही गंमत दाखवते आहे. हसत हसत फुंकर मारून त्यांनी फेस बाजूला केला. ग्लास काठोकाठ होता.

"भरला," त्या म्हणाल्या.

"वरचं बोटभर कुठून आलं?"

"वाफ गेली ना त्याच्यात."

"अन् वाफ कायची झाली?"

कुंताबाईंनी मशीनकडे पाहिलं. समजलं होतं त्यांना. वाफेचं शास्त्र यादोरावांनी किती वेळा सांगितलं होतं.

"पानी आहे ते," मी म्हटलं. "माझ्या माठातलं. तुमच्यासमोर मीच भरलं, या हातानं. रोज मीच भरते. ही नळी मी धुते, हे रबर मी धुते. तुमच्या गाईचं दूध आतमंदी आंबते, ते मी बोटानं खरवडून काढते. इतके दिवस तुमी आमच्याच घरचं पानी पिऊन राहिल्या, कुंताबाई. काही झालं का तुमाले?"

 कुंताबाईंनी ग्लासाकडे पाहिलं. पिववेना, ओतवेना. शेवटी त्यांनी तो खाली फरशीवर ठेवला आणि उठल्या. "गोठ्यात गाय सुटली असेल," म्हणाल्या. "चाल वो, शकुन." शकुनबाईनंही ग्लास ठेवला. तिच्या ओठावर फेसाची मिशी तशीच होती. ती पुसायचंही तिला सुचलं नाही. दोघी चपला पायात अडकवून गेल्या.

आता यादोराव काय बोलतात याची मी वाट पाहत होते. भांडायची माझी पूर्ण तयारी होती. या माणसाच्या एवढ्याशा सुखात मी माती कालवली होती, हे मला कळत होतं, आणि तरी मला पश्चात्ताप होत नव्हता. त्यांनी स्टोव्ह बंद केला. खाली ठेवलेले दोन भरलेले ग्लास उचलून बाजूला ठेवले.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी ग्लास आणायला गेल्या तेव्हाच समजलं होतं."

मी बघतच राहिले. "माहीत होतं? अन् तरी मले रोज ती नळी धुवाले लावली?"

"येत तर होत्या," ते म्हणाले. "आत येऊन खाटेवर बसत होत्या. आपल्या दारात त्यांच्या चपला दिसत होत्या, धुरपता. जानाऱ्या-येनाऱ्याले वाटत होतं, यादोरावाच्या घरी लोक येतात." जरा थांबून म्हणाले, "मलेही वाटत होतं."

 मला त्यांचा राग आला, कुंताबाईंचा आला, त्या अॅल्युमिनियमच्या भांड्याचाही आला, आणि त्या सगळ्या रागात मला रडूही आलं. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. इतकी वर्षं मी यांना काही कळू नये म्हणून गप्प होते, आणि हे मला काही कळू नये म्हणून चावी फिरवत होते.

ते उठले आणि माझ्या हातातलं फडकं घेतलं. तसंच नळीला लावलं आणि चटका बसला म्हणून हात झटकला.

"ओलं करून घ्या," मी म्हटलं. "कोरड्यानं नाही निघत."

त्यांनी फडकं ओलं केलं. "रबर आधी काढायचं का नळी?"

"आधी वाफ सोडा. नाहीतर झाकण तोंडावर येईल."

त्यांनी चावी फिरवून उरलेली वाफ सोडली. झाकण उघडलं, मोरीपाशी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या भांड्यात हात घातला. बोटाला चिकटून दुधाची पिवळट, चिवट साय वर आली. त्यांनी ती नाकाजवळ नेली आणि तोंड फिरवलं.

"हे रोज निघते?"

"रोज."

ते परत मोरीकडे वळले. माझ्याकडे पाठ करून मशीन धूत बसले. मशीन केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी ते धूत होते, आणि मी त्यांना थांबवलं नाही.