भिंतीकडे तोंड केलेली चित्रे

"ताई, मागच्या खोलीतलं काही हलवलंस का गं?"

बापूने हे शक्य तितक्या सहज आवाजात विचारले आणि तिथेच फसला. कारण सहज आवाजात तो कधी काही विचारतच नसे. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला.

"धूळ झटकली असेल," आतून ताई म्हणाली. "का रे?"

"काही नाही. सहज."

मागच्या खोलीत बापूची चित्रे भिंतीकडे तोंड करून उभी असत, वर्गात शिक्षा झालेल्या मुलांसारखी. आज सकाळी गॅलरीवाल्याचा फोन आला होता. तुमची वसंत ऋतूची सगळी चित्रे एका ओळीत लावू या, म्हणाला, आजवर काढलेली झाडून सगळी. म्हणून बापू ती रास चाळायला बसला होता, आणि राशीत फटी दिसल्या. जमिनीवरच्या धुळीत कॅनव्हासच्या चौकटीची सरळ रेघ उमटलेली, आणि त्या रेघेवर चौकटच नाही. अशा तीन-चार जागा.

त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तशी ती तिथे कायमची मुक्कामालाच होती म्हणा. दुसरे चित्रकार आपले रंग चोरून बघतात असे त्याला वाटे. दुकानदार आपल्याला जुन्या ट्यूबा खपवतो असे वाटे. अंगणातल्या झाडावरसुद्धा त्याचा विश्वास नव्हता. आयुष्यभर तो दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तेच एक झाड रंगवत आला होता; लोक त्याला 'वसंतवाले' म्हणूनच ओळखत. पण वसंताबद्दल लोक जे गोडगोड बोलतात ते त्याला कधी पटले नाही. त्याच्या मते वसंत हा अत्यंत लबाड ऋतू होता. काल पाहावे तर काळ्या वाळक्या काटक्या, आणि आज त्यांच्या टोकांना काहीतरी फुगलेले. विचारावे तर कोणी कबूल होत नाही. पाने यायच्या आधीच फुले येतात, म्हणजे घरात कोणाला न विचारता पाहुण्यांना आमंत्रण देऊन बसल्यासारखे. इतकी वर्षे डोळ्यांत तेल घालून पाहूनही पहिले फूल उमलताना त्याने कधी पकडले नव्हते.

आणि आता हे घरातच काहीतरी शिजत होते.

घरात माणसे दोनच. बापू आणि त्याची थोरली बहीण. आईवडील गेल्यावर ताईने टेलिफोनच्या कचेरीत नोकरी धरली, धाकट्याला चित्रकलेच्या शाळेत घातले, आणि पुढे तो चित्रे काढत राहिला नि ती घर चालवत राहिली. दोघांचीही लग्ने झाली नाहीत. बापूच्या बाबतीत लोक म्हणत, कलावंत आहे. ताईच्या बाबतीत कोणी काही म्हणत नसे. आता तीही निवृत्त होऊन घरी होती. सकाळी बापू खिडकीशी बसला की ती अंगणात कपडे वाळत घालायची, आणि बापू वरून ओरडायचा, "ताई, ती चादर काढ गं, बहर झाकतेय!" मग ती चादर काढायची. असे वर्षानुवर्षे चालले होते.

पण आता बापूने एकेक गोष्ट आठवून जोडायला सुरुवात केली. ताई हल्ली दुपारची बाहेर जाते. का, तर म्हणे पाय मोकळे करायला. गुडघे धरून जिना उतरणारी बाई पाय मोकळे करून येते तेव्हा गुणगुणत येते. नव्या चपला घेतल्यात. आणि परवा फोनवर, दार लोटून घेऊन, ती हळू आवाजात म्हणाली होती, "नाही हो, त्याला अजून काही कळलेलं नाही."

'त्याला' म्हणजे कोणाला? घरात 'तो' एकच होता.

दुसऱ्या टोकाला कोण, हेही त्याने ताडले. मागच्या गल्लीतला फ्रेमवाला. बापूच्या चित्रांना चौकटी हाच करायचा. विधुर माणूस, कमी बोलायचा, आणि बोलला तरी काम करताना तोंडात खिळे धरलेले असल्यामुळे दातांतल्या दातांत बोलायचा. त्यामुळे 'उद्या देतो' एवढे म्हटले तरी काहीतरी गुपित सांगितल्यासारखे वाटायचे. चित्राची किंमत कोणाला कळते? चौकट करणाऱ्याला. चित्राची जागा कोणाला ठाऊक असते? धूळ झटकणारीला. बापूला सगळा कट आरशासारखा लख्ख दिसला. आपली चित्रे हळूहळू बाहेर जाताहेत, आणि आपण खिडकीशी बसून पाकळ्या रंगवतोय.

त्याने सापळा लावायचे ठरवले. राशीतल्या उरलेल्या चौकटींच्या मागच्या कडेला, हात जिथे हमखास लागतो तिथे, त्याने गडद हिरवा तैलरंग बोटाने चोपडला. हा रंग दिवसचे दिवस ओला राहतो आणि कपड्याला लागला की जन्मात सुटत नाही. मग हात धुऊन तो खिडकीशी येऊन बसला आणि निरागस चेहऱ्याने एक फांदी रंगवू लागला. फांदी इतकी वाकडी आली की त्याने ती पुसून टाकली.

दोन दिवस काहीच झाले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईने चहाचा कप पुढे ठेवला, आणि तिच्या शालीच्या टोकाला हिरवे बोट उमटलेले त्याने पाहिले.

"शालीला काय लागलंय गं?"

ताईने टोक उलटून पाहिले. "तुझाच रंग असेल कुठेतरी लागलेला. या घरात कोरं काय राहिलंय?" आणि ती शांतपणे घासलेट शोधायला गेली.

बापूचा चहा गार झाला. इतकी थंड डोक्याची बाई! त्याला राग आला, पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होते, पायाखालची फरशी हलल्यासारखे. दुकानदाराने फसवले तर दुसरा दुकानदार असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने पिशवी घेतली, "येते रे जरा," म्हणाली आणि जिना उतरली. बापू खिडकीतून पाहत राहिला. पिशवी मोठी होती आणि तिच्या तोंडातून कागदात गुंडाळलेला एक चौकोनी कोपरा बाहेर डोकावत होता. त्याने पायांत चपला सरकवल्या. रंगाळलेला सदरा तसाच अंगात होता. असा माणूस गल्लीतून भिंतीच्या कडेकडेने चालू लागला की लपत तर नाहीच, उलट सगळे वळून बघतात. तीन ओळखीच्यांनी त्याला "काय वसंतवाले, कुणीकडे?" असे विचारले. त्याने तिघांनाही हात जोडून गप्प केले.

ताई अपेक्षेप्रमाणे फ्रेमवाल्याच्या दुकानात शिरली. दुकानात ती थांबली नाही. मागच्या लाकडी जिन्याने सरळ वर गेली. वर फ्रेमवाल्याची राहायची खोली होती. बापू दुकानातल्या रिकाम्या चौकटींमधून वाट काढत जिन्यापाशी आला. वरून आवाज येत होते.

"जरा डावीकडे. आणखी. हं, आता वर."

"अओ, मअ उतऊ का?" खिळ्यांमधून फ्रेमवाला.

"तोंडातलं काढून बोला हो. गिळाल एखादा."

बापू तीन-तीन पायऱ्या एकदम चढला आणि दारात उभा राहून ओरडला, "चोर!"

फ्रेमवाला शिडीवर होता. दचकून त्याने भिंतीचाच आधार घेतला. ताईने वळून पाहिले. तिला धक्का बसलेला दिसला नाही. फक्त थकल्यासारखी दिसली.

"चोर म्हण, चालेल," ती म्हणाली. "पण आत येऊन म्हण. जिन्यात ओरडू नकोस, खाली गिऱ्हाईक असतं."

बापू आत आला. खोली नुकतीच चुन्याने रंगवलेली होती. खिडकीला नवे पडदे होते, त्यांची शिवण ताईच्या हातची होती हे त्याने लगेच ओळखले. आणि समोरच्या भिंतीवर त्याची चित्रे. हरवलेली सगळी.

"विकायला काढलीत?"

"विकायला कोणी भिंतीवर खिळे ठोकतं का रे?"

"मग काय चाललंय काय हे?"

ताईने फ्रेमवाल्याकडे पाहिले. तो शिडीवरून हळूहळू उतरला, तोंडातले खिळे काढून त्याने ते तळहातावर धरले, आणि बापूने त्याचा मोकळा आवाज कदाचित पहिल्यांदाच ऐकला. तो आवाज घाबरलेला होता.

"मास्तर, मी म्हणत होतो, तुम्हाला आधी सांगू या. या म्हणाल्या, थांबा."

"लग्न करतेय मी," ताई म्हणाली. "पुढच्या आठवड्यात."

 बापूला जे सुचू नये तेच सुचले. "या वयात?"

"मग कोणत्या? त्या वयात तू करू दिलं नाहीस."

"मी?"

"स्थळ आलं होतं एक. तार खात्यातले होते. तू तापाने फणफणून पडलास, ते कंटाळून निघून गेले. खोटा नव्हता ताप, मी थर्मामीटर बघितला होता. पण पडलास ना! म्हणून यंदा म्हटलं, सगळं होऊ दे, मग सांगू. मग पड हवं तर आजारी."

फ्रेमवाल्याने खाली मान घालून खिळे मोजल्यासारखे केले.

बापू पुन्हा चित्रांकडे वळला. संशयाची सवय अशी, की घर कोसळत असतानासुद्धा माणूस कडी तपासतो. त्याला आता दुसरेच काहीतरी खटकत होते. ही त्याची चांगली चित्रे नव्हती. ही फसलेली. कधीकाळी त्याने स्वतः राशीच्या पार मागे सारलेली.

"हीच का घेतलीस?" तो म्हणाला. "न्यायचीच होती तर चांगली न्यायचीस. गॅलरीवाल्याने ही दाराबाहेर ठेवली असती."

"तुझी चांगली तुला लागतात. ही तू टाकलेली. म्हटलं, टाकलेलं घेतलं तर चोरी होत नाही."

"पण यात आहे काय?"

"बघ ना नीट. चित्रकार ना तू?"

बापूने पाहिले. झाड तेच, बहर तोच, जरा कच्चा, जरा भडक. आणि झाडाच्या खालून एका चित्रात, मग दुसऱ्यात, मग सगळ्यांतच, एक दोरी गेलेली. दोरीवर कपडे. निळा झगा, एक पांढरी चादर, ताई कचेरीत घालायची तो करडा कोट. एका चित्रात कपड्यांमागे दोन हात वर झालेले, चेहरा नाही, फक्त दोरीला चिमटा लावणारे हात.

"पुढे तू दोरी गाळायला लागलास," ताई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, कोणाला रस्ता सांगावा तसा आवाज होता. "चित्रं चांगली व्हायला लागली तेव्हापासून. लोकांना आवडायला लागली. मलाही आवडतात. पण तुझ्या त्या सगळ्या वसंतांत मी कुठेच नाही रे. जिथे आहे, तेवढेच घेतले."

खालच्या गल्लीतून कोणीतरी हातगाडी ढकलत गेले. तिची चाके बराच वेळ वाजत राहिली.

बापूला पुष्कळ बोलायचे होते. दोरीने चित्र मधोमध तुटते, नजर अडते, हे त्याला समजावून सांगता आले असते; पुढे काही वर्षे चित्रकलेच्या शाळेत त्याने मुलांना हेच शिकवले होते.  त्याऐवजी तो कोपऱ्यातल्या चित्राकडे बोट करून म्हणाला, "ते वाकडं लागलंय."

"कोणतं?" फ्रेमवाला लगबगीने म्हणाला.

"ते. उजवी बाजू खाली आहे. चढा तुम्ही, मी शिडी धरतो."

फ्रेमवाला चढला. बापूने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. फ्रेमवाल्याच्या बाहीला हिरवा रंग लागलेला होता, धुऊनही न गेलेला. बापूने तो पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली.

पुढच्या आठवड्यात लग्न झाले. गडबड काही नव्हती. चार माणसे, दोन सह्या, फोटोवाल्याने एकदा सगळ्यांना हसा म्हटले. बापू आजारी पडला नाही. सकाळी त्याने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला होता, पण कपाळ गार होते. गॅलरीवाल्याला त्याने फोनवर सांगितले की काही वसंत मिळणार नाहीत, ते एका ठिकाणी कायमचे लागले आहेत. कोणाकडे, असे गॅलरीवाल्याने विचारले तेव्हा बापू म्हणाला, "माझ्या मेहुण्यांकडे," आणि हा शब्द तोंडातून नीट निघाला याचे त्याला नवल वाटले.

दुपारी तो ताईची ट्रंक घेऊन त्या लाकडी जिन्याने वर गेला. ट्रंक जड नव्हती. ताईने त्याला बसायला सांगितले, त्याने उशीर होतो म्हटले. कशाला उशीर होतो ते त्याला सांगता आले नसते, आणि तिने विचारलेही नाही. दाराशी येऊन ती फक्त म्हणाली, "डाळ झाकून ठेवलीय. गरम करून घे. आणि दूध उतू जातं, समोर उभा राहा."

"मला काय कळत नाही?" बापू म्हणाला.

"कळतं रे बाबा. जा."

परत येताना ऊन मऊ झाले होते. अंगणातले झाड असे फुलून आले होते की फांदी दिसत नव्हती. एरवी तो आधी खालूनच थांबून पाहायचा, रंग डोळ्यांत साठवायचा. आज पाहिले, पण थांबला नाही. जिना चढला, दारापुढे उभा राहिला आणि घंटी वाजवली.

थोडा वेळ गेला. त्याने पुन्हा वाजवली. हिला हल्ली ऐकू कमी येते की काय, असे त्याच्या मनात येऊन गेले, आणि त्याने तिसऱ्यांदा जरा जोरातच बटण दाबून धरले. आत घंटीचा आवाज सगळ्या घरातून फिरून आला.

वरच्या मजल्यावरच्या बाई पिशवी घेऊन जिना उतरत होत्या. त्याला पाहून थबकल्या.

"काय हो, घरात कोणी नाही का?"

बापूने बटणावरचे बोट काढले. मग खिसे चाचपत, किल्ली शोधत म्हणाला, "आहे ना. मी आहे."