बांधावरचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. गळ्यात पट्टा, तोंड कायम वासलेले. दिसायला काही खास नाही. पण उरणजवळच्या आमच्या गावात माझ्याहून मोठा आवाज फक्त सगुणाबाईंचा.

जन्म माझा कारखान्यातला, पण मला माणसात आणले ते बाईंच्या सासऱ्यांनी, धर्माआजोबांनी. आमच्याकडे समुद्र आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. उधाणाच्या भरतीने तो फुटला, की 'खांड गेली' म्हणतात. मग जेवणारा ताटावरून उठतो, नवरदेव मांडवातून उठतो आणि सगळे फावडी-घमेली घेऊन धावतात. आजोबांनी माझ्या पोटात स्वतःची हाक भरून ठेवली होती. लाल बटण दाबले की झाले. एरवी मी क्रिकेटच्या सामन्यांचे समालोचन करायचो. चेंडू खाडीत गेला तरी तो षटकार कसा होता हे मीच सांगायचो. काय तो मान!

पुढे मोबाइल आले आणि मी माळ्यावर गेलो. तिथे एका कोंबडीने माझ्या तोंडात अंडी घातली. मी तक्रार केली नाही. करायला बॅटरीच नव्हती.

इकडे समुद्र वर्षागणिक चढू लागला आणि खांडी वारंवार जाऊ लागल्या. सगुणाबाईंच्या शेतात खारे पाणी शिरले. दोन पावसाळे भाताची लोंबी दिसली नाही. दीर म्हणू लागले, विकून टाका. बाई म्हणाल्या, किनाऱ्याने मुरुडपर्यंत चालत जाऊ, वाटेतली गावे जोडू, सगळे मिळून सरकारकडे बांध उंच करून मागू. कुणीच आले नाही तर परत येऊन विक्रीच्या कागदावर सही करते.

निघालो तेव्हा मोजकीच माणसे होती. मला माळ्यावरून काढून, नवी बॅटरी घालून हातात धरले होते बाईंच्या भाच्याने, निकेतने. तो शिकलेला. माझ्यातून तो 'जागतिक तापमानवाढ रोखा' असे शुद्ध मराठीत सांगायचा. लोक दारात यायचे आणि गादीवाला नाही हे पाहून आत जायचे. एका आजींनी तर जुनी कढई आणून वजन करायला सांगितले. संध्याकाळी सगुणाबाई कोमट पाण्यात पाय बुडवून गप्प बसायच्या. एवढा मोठा आवाज गप्प झालेला मला बघवत नसे.

मुरुड जवळ आले. अमावास्येचे उधाण होते, भर दुपार. एका गावात शिरताना निकेतला जोरदार शिंक आली आणि अंगठा लाल बटणावर पडला.

"खांड गेली रं! फावरी घ्या, बांधाव चला!"

आजोबा माझ्या पोटातून गरजले. सगळे गाव बाहेर! कुणाच्या तोंडात घास, कुणाच्या गालावर साबणाचा फेस. हुस्नबानू नावाच्या बाई पिठाच्या हातांनीच घमेले घेऊन धावत होत्या. मागून आम्ही, हे थांबवायला.

बांध मात्र धडधाकट. "कुठं हाय खांड?" असे विचारत सगळे निकेतकडे आणि माझ्याकडे पाहू लागले. निकेतने शुद्ध मराठीत माफी मागितली. दोघा-तिघांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा खाडीकडे पाहिले. मी सगळे समजलो.

एवढ्यात हुस्नबानू खाली वाकल्या. पाणी बांधाच्या माथ्याला वीतभर कमी होते. खेकड्यांच्या बिळांतून ते शेताच्या बाजूला झिरपतही होते. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "हा झूट नाय बोलला. थोडं आधी बोलला."

मग सगळे बांधाला भिडले. फावडी आलेलीच होती. सगुणाबाई पदर खोचून चिखलात उतरल्या. भरती ओसरेपर्यंत बिळे बुजवली, माथ्यावर माती चढवली. दुसऱ्या सकाळी ते गाव फावडी खांद्यावर घेऊन आमच्याबरोबर चालू लागले. सगुणाबाईंनी दिरांना फोन लावला.

"भावजी, शेत इकायचं न्हाय."

तो आवाज फोन नसता तरी उरणपर्यंत ऐकू गेला असता.

बांध अजून उंच झालेला नाही. साहेब येऊन बघणार आहेत. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. पावसाळ्यात माझी बॅटरी भरलेली ठेवा, कोंबड्या दूर ठेवा. आणि बांध धडधाकट दिसत असताना कुणी ओरडत आले, तर त्याला खाडीत फेकण्याआधी एकदा वाकून बघा.