तिघांपुरता फ्रीज

मिस्त्रीने जुना फ्रीज मागून उघडला, आत बघून मान हलवली आणि म्हणाला, आता ह्याच्यात काही राहिलं नाही. त्या दिवसापासून धम्मरत्न आणि साक्षी, म्हणजे माझा मुलगा आणि सून, नव्या फ्रीजचं बोलू लागले. पण मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की बोलणं थांबायचं. फ्रीजसारखी गोष्ट माझ्यासमोर बोलायला काय हरकत होती?

त्यातच सांगवीहून लेकीचा, जयमालाचा, फोन आला. "आई, इकडे येऊन राहा की महिनाभर. नदीकडेला हवा मोकळी असते." एरवी चार दिवस ये म्हणतानाही ही पोरगी विचार करते. घर लहान, सासरे अंथरुणाला खिळलेले. आणि आता महिनाभर, तेही हवेसाठी. मुळा नदीच्या काठची हवा मला चांगली ठाऊक आहे.

रविवारी नात क्लासला गेली आणि दोघं पिंपळे सौदागरच्या दुकानात निघाले.

"तू कशाला दमतेस, आई? पाय दुखतील," धम्मरत्न म्हणाला.

"पाय माझे आहेत," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

दुकानात फ्रीज रांगेने उभे होते. विक्रेता सफारी घातलेला, उगाच हसणारा. त्याने पहिलाच प्रश्न केला, "घरात माणसं किती?"

"तीन," धम्मरत्न म्हणाला.

मी त्याच्या पाठीमागेच उभी होते. आम्ही चार आहोत. तो, साक्षी, नात आणि मी. चुकून बोलला असेल म्हणून मी साक्षीकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं. तिने लगेच एका फ्रीजचं दार उघडलं आणि आत डोकं घातलं, जणू कुणी ओळखीचं आत बसलं आहे.

म्हणजे ठरलेलं होतं. मला सांगवीला पोचवायचं, जयमालाला सासऱ्यांच्या उशाशी बसायला माणूस मिळेल, आणि इकडे तिघांपुरता फ्रीज येईल.

"तिघांना हा बक्कळ झाला," विक्रेता एका बुटक्या फ्रीजवर हात ठेवून म्हणाला. "वीज पण कमी खातो, आजी."

"कशावरून?"

"हे काय, स्टिकरवर आहे ना."

"स्टिकर कुणी लावलं?"

"कंपनीनं."

"मग ती कशाला वाईट लिहील?"

तो हसला. माझ्या घरच्यांपैकी कुणीच हसलं नाही.

"ह्यात माझा पिठाचा डबा बसेल का?" मी साक्षीला विचारलं. पावसाळ्यात पिठाला अळ्या होतात म्हणून मी तो फ्रीजमध्येच ठेवते.

"डब्याचं नंतर बघू, आई."

"नंतर म्हणजे कधी?"

मी पलीकडच्या मोठ्या फ्रीजपाशी गेले आणि त्याची दोन्ही दारं उघडली. "हा घ्या."

"एवढा काय करायचा?" धम्मरत्न म्हणाला.

"माणसं चार आहेत."

तो खाली बघू लागला. साक्षीने हातातलं दार जोरात लावलं. "आता सांगा. इथंच सांगा. घरी तर तुमचं धाडस होत नाही."

"त्याने काय सांगायचं? मला कळलंय," मी म्हटलं. "मी सांगवीला जाणार नाही. घालवायचंच असेल तर तोंडावर म्हणा."

"तुला कोण घालवतंय, आई? मी चाललोय."

चाकणच्या कारखान्यातली त्याची लाइन बंद होणार होती. कंपनी ती गुजरातेत नेणार. तिकडे गेला तर नोकरी, नाहीतर घरी बसायचं. नातीचं दहावीचं वर्ष, म्हणून तो एकटाच जाणार. मला हे जयमालाने तिच्याकडे ठेवून घेऊन हळूहळू सांगावं, असं बहीणभावांचं ठरलं होतं.

"मग तीन का म्हणालास?"

"मी तिकडे कॅन्टीनला जेवणार ना."

आकुर्डीच्या चाळीत ह्याचे वडील पाळीवर असत, तेव्हा भाकरी थापायला बसण्याआधी मी पोरांना विचारायची, आज माणसं किती? जो कंपनीत जेवणार त्याला मोजायचं नाही. भाकरी उरू नये म्हणून ही सवय मीच लावली होती. ह्याने भर दुकानात स्वतःला वगळलं आणि मी मलाच वगळलेलं धरून बसले.

"तुझे वडील पाळी संपली की घरी यायचे," मी म्हटलं. "तू कधी येणार?"

"दोन वर्षं म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"साहेब."

"लिहून दिलंय?"

तो फ्रीजवरचं स्टिकर वाचू लागला. "मी रोज हेच विचारतेय," साक्षी म्हणाली आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. विक्रेता हसायचा थांबला होता.

आम्ही मोठाच घेतला.

"मंगळवारी टेम्पो येईल," विक्रेता म्हणाला. "घरी कोण असेल?"

धम्मरत्नने तोंड उघडलं, पण साक्षी आधी बोलली. "आई असतात. त्यांचा नंबर लिहा."

मला माझा नंबर पाठ नाही. मी पिशवीतून फोन काढून तिच्या हातात दिला आणि विक्रेत्याला सांगितलं, "खोकं माझ्यासमोर उघडायचं. एक जरी पोचा दिसला तरी जिन्यावरून परत न्यायला लावीन."

"नाही दिसणार, आजी."

"ते मी बघेन," मी म्हटलं.