तीन पाण्यांनी धुतलेल्या चकत्या

पिंपरीतली आमची कंपनी स्पार्क प्लगचे पांढरे इन्सुलेटर बनवायची. थंडीत भट्टीपाशी उभं राहिलं की घरी आल्यासारखं वाटायचं. ती ऊब अजून आठवते. माणसंही आठवतात, पण सगळीच प्रेमानं नाही. खोटं कशाला बोलू?

शहात्तर साली पुण्याचे एक डॉक्टर यायला लागले. निकामी खुब्यात बसवायला त्यांना आमच्या भट्टीतल्या पांढऱ्या अल्युमिनाचा सांधा हवा होता. "परकी वस्तू आत गेली की रक्तातली प्रथिनं आधी तिच्यावर थर धरतात. पुढचं सगळं त्या थरावर," ते म्हणायचे. म्हणून अल्युमिनाच्या चकत्या रक्तात भिजवायच्या होत्या. मी, भीमराजनं, बाही वर केली.

सरूबाई कंपनीच्या प्रयोगशाळेतली भांडी घासायची. नवरा गेलेला, नोकरी कच्ची. त्या संध्याकाळी आमचे फोरमन, कुरुळी गावचे मारुतराव, तिला म्हणाले, "त्या चकत्या तीन पाण्यानं धू. भीमराजचं रगत हाय त्याला. उद्या मलाच हात लावावा लागंल."

तिनं धुतल्या.

सकाळी मॅनेजर भडकला. "प्रयोगाच्या चकत्या कुणी धुतल्या? सगळं रक्त गेलं!"

"मी. मारुतरावांनी सांगितलं."

"म्या? न्हाई बा!" मारुतराव छताकडे बघत म्हणाले.

"बाई, उद्यापासून येऊ नकोस."

माझं डोकं फिरलं. "मारुतराव, तोंडावर बोला की! माझ्या रक्ताचा विटाळ झाला ना तुम्हाला?"

"तू गप रं, भावा."

"भावा? काल संध्याकाळी कुठं गेला होता हा भाऊ?"

डॉक्टर म्हणाले, "थांबा. बघू तरी." त्यांनी एक कोरी आणि एक माझ्या रक्तातली, सरूबाईनं धुतलेली चकती फक्त प्रथिनांना धरणाऱ्या रंगात बुडवली, मग दोन्ही खळखळून धुतल्या. कोरी पांढरीच राहिली. माझी निळी झाली. निळी! दुसरा कुठला रंग धरला असता तिनं?

"सैल होतं ते पाण्यानं गेलं," डॉक्टर म्हणाले. "थर जागेवर आहे. काम बिघडलेलं नाही."

"म्हंजी विटाळ ऱ्हायलाच की, मारुतराव!" सरूबाई म्हणाली. मी पोट धरून हसलो. तसं हसणं पुढं फार कमी वाट्याला आलं.

मॅनेजर खाकरला. "बरं, बाई. जा, कामाला लाग."

ती जागची हलली नाही. "आधी ह्यांना बोलू द्या, सायेब. मी खोटारडी ठरून न्हाई जायची."

मारुतरावांनी मिशी चावली.

"मीच सांगितलं व्हतं," ते म्हणाले.

"मोठ्यानं," सरूबाई म्हणाली.