ओठावरून डोळ्यात

मी ओठावरचा ताप बोलतोय. दवाखान्यात मला हर्पिस म्हणतात. गावात कोणी नागीण म्हणतं. ती माझी चुलत बहीण, मी नव्हे. कोणी म्हणतं झोपेत झुरळ चाटलं. झुरळाची काय बिशाद! मी चाटत नाही, फोडतो. माणसाच्या कातडीच्या एका पेशीत घुसतो, तिच्याच चुलीवर माझ्यासारखे हजारो रांधून घेतो आणि तिचं घर फाडून बाहेर पडतो. मग शेजारणीचं घर. तुम्हाला वरून पाण्याचे चार फोड दिसतात, खाली कत्तल चाललेली असते.

माझा जुना मुक्काम बडनेऱ्याजवळच्या माणिकबाईंकडे. घरची झेंडूची नि निशिगंधाची शेती, घरीच हार गुंफून अमरावतीच्या बाजारात नेतात. वैशाखाचं ऊन तापलं की मी बाईंच्या ओठावर उगवायचो आणि आठ-दहा दिवसांत मुकाट परत जायचो. वीस वर्षं हेच. खरं सांगतो, कंटाळलो होतो.

यंदा घरात नवी सून आली, मोनाली. लग्नसराई जोरात होती आणि मी बाईंच्या ओठावर उगवलेलोच होतो. सासू-सून समोरासमोर बसून हार गुंफायच्या. माणिकबाई दोऱ्याचं टोक ओठात ओलं करून सुनेच्या हाती द्यायच्या, आणि सुईत जात नसलं की सून तेच टोक पुन्हा आपल्या ओठातून काढायची. मला आणखी काय पाहिजे होतं? गेलो पलीकडे.

तिच्या रक्तातल्या शिपायांनी मला कधी पाहिलंच नव्हतं. माणिकबाईंकडे वचकून राहावं लागायचं, इथे मोकळं रान. पाचव्या दिवशी अंगात ताप, जबड्याखाली गाठी, ओठ चिघळलेला. पोरीला घास गिळवेना, तरी ती हार गुंफत राहिली. ओठावरचा ओला दोरा सुईत गेला आणि ती सुई तिच्या बोटात घुसली. मला दारच उघडून मिळालं. नखाच्या कडेला मी अशी आग लावली की बोट उंच धरून ती भिंतीला डोकं टेकून रडली.

कदाचित तिथेच थांबलो असतो. पण तिच्या डाव्या पापणीवर रांजणवाडी आली. साधी पुळी होती ती, माझा तिच्याशी काही संबंध नव्हता.

"पारोशी थुंकी लावजो," माणिकबाई म्हणाल्या. "सकाळी चूळ भराच्या आंधी. दोन दिवसात बसते."

"पण आई, ओठ चिघळला हाये ना माह्या."

"मंग काय झालं? आपलीच थुंकी आपल्याले बाधते का?"

माया होती हो त्या बोलण्यात, म्हणून तर पोरीने ऐकलं. सकाळी उठून त्याच दुखऱ्या बोटाने तिने थुंकी पापणीला चोळली. तिकडून बोटावरचा मी, इकडून थुंकीतला मी. दोघे मिळून डोळ्यात उतरलो.

बुबुळावरचा पडदा काचेसारखा स्वच्छ असतो. मी तो फांद्याफांद्यांनी चिरत गेलो. डोळा लालभडक झाला, उजेड सोसेना. सासरे गोवर्धनराव यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे थेंब कपाटात उरले होते. डोळ्याचंच औषध आहे म्हणून माणिकबाईंनी दिवसातून चारदा तेच टाकले. दोन दिवसांत लाली उतरली आणि घर खूश झालं. अहो, ती लाली म्हणजे माझ्याशी झुंजणारे शिपाई होते! त्या थेंबांनी त्यांचेच हात बांधले. मग मी सहा दिवस मोकाट कापाकापी केली.

सातव्या दिवशी मोनाली नवऱ्याला म्हणाली, "उजवा डोया झाकला का समदं धुकं दिसते." कुलदीपने तिला आणि आईला घेऊन अमरावती गाठली.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात रंग टाकून निळ्या उजेडात पाहिलं आणि मी पकडला गेलो.

"हे थेंब कोणी टाकले?"

"म्या टाकले," माणिकबाई म्हणाल्या.

"आणखी थोडे दिवस टाकले असते तर डोळाच गेला असता. आता वाचेल, पण डाग राहील. किती दिसेल ते नंतर कळेल."

दिवसातून पाचदा मलम आणि वर गोळ्या. मला अक्षरशः ठेचून काढलं. पण मेलो नाही. नसेच्या वाटेने मागे सरकत कानाजवळच्या तिच्याच गाठीत जाऊन बसलो. आता तोच माझा पत्ता, पोरीच्या जन्माला पुरेल इतका.

माझ्यासारख्या हरामखोराकडून शहाणपण कोण घेणार? तरी ऐका. ओठावर मी उगवलो की हात धुवा. त्या हाताने डोळा चोळू नका, थुंकी कुठेच लावू नका, आणि दुसऱ्याचे थेंब फेकून द्या. एवढं केलंत तर मी ओठावरच कुजतो, पुढे जाऊ शकत नाही.

काल पुन्हा तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी मोनालीचा उजवा डोळा झाकला. माणिकबाई समोरच्या स्टुलावर येऊन बसल्या. महिनाभर त्यांना घास गोड लागला नव्हता.

"मी दिसते का वं तुले?" त्यांनी विचारलं.

मी केलेल्या डागापलीकडे पोरीला काय दिसत होतं ते मला ठाऊक आहे. लुगड्याचा हिरवा रंग, बस.

"दिसता ना, आई," मोनाली म्हणाली. "रडू नका बरं."

माणिकबाई तोवर रडत नव्हत्या. ते ऐकलं आणि मग रडल्या.