अकरा आठवड्यांची मापं

आमच्या दवाखान्यात मंगळवारी फक्त पुरुष येतात, तेही एकाच तक्रारीचे. तपासणी, सोनोग्राफी आणि निकाल एकाच सकाळी. कुणाचा जीव आठवडाभर टांगणीला लागू नये म्हणून ही सोय. मी इथला ब्रदर. बारा वर्षांत एकानेही तक्रार सरळ सांगितलेली नाही. "जरा खाली," म्हणतात आणि छताकडे बघतात.

त्या दिवशीचा माणूस कारखान्यात तपासनीस होता. यंत्रावर घडलेले सुटे भाग मोजायचे आणि पास-नापास करायचे, हे त्याचं काम. त्याने डॉक्टरीणबाईंपुढे एक वही ठेवली. डाव्या वृषणामागच्या गाठीची अकरा आठवड्यांची मापं, रोज सकाळी घेतलेली, मिलिमीटरमध्ये.

"मोजलंत कशानं?" बाईंनी विचारलं.

"व्हर्नियर कॅलिपरनं. घरचा आहे, कारखान्यातला नाही," तो घाईघाईने म्हणाला.

मला हसू फुटलं, म्हणून मी तोंड फिरवलं. मग वहीत एकही दिवस सुटलेला नाही हे दिसलं आणि माझीच मला लाज वाटली.

बाईंनी तपासलं, दोन्ही बाजूंची सोनोग्राफी केली. "उजवीकडे कधी मोजलंत का?"

"तिकडे काही नव्हतंच ना."

"आता हात लावून बघा. इथे, मागच्या बाजूला."

त्याने बघितलं आणि पांढराफटक पडला. "इकडेही पसरलं?"

"अहो, काही पसरलेलं नाही. ही शुक्रजंतू साठवणाऱ्या नळीची गुंडाळी. प्रत्येक पुरुषाला असते, दोन्हीकडे. रोज चिमटीत धरून दाबलीत, म्हणून डावी दुखतेय. कॅन्सर नाही, गाठच नाही."

त्याने वही मिटली. "कारखान्यात जोडीतला दुसरा भाग मोजल्याशिवाय मी कुणाला सही करू देत नाही," तो म्हणाला आणि ढसाढसा रडला.

घरी काहीच सांगितलेलं नव्हतं. अकरा आठवडे उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपत होता. बायकोने विचारलं की खेकसायचा. माझ्या टेबलाजवळ उभं राहून त्याने तिला फोन लावला, अडखळत सगळं सांगितलं आणि फोन माझ्यापुढे धरला. "तिला तुमच्याशी बोलायचंय."

"खरंच दवाखान्यातून बोलताय?" तिने विचारलं.

"हो ताई. मी इथला ब्रदर. सगळं ठीक आहे त्यांचं."

"मग इतके दिवस मी कुठल्या बाईला शिव्या देत होते हो?" ती म्हणाली आणि तीही रडायला लागली. फोन त्याला परत द्यावा की तसाच धरून ठेवावा, मला कळेना.